सदर जागेस दार आहे काय?

अकोला, ३ फेब्रुवारी २०२५
जा. क्र. पायल/अकोला/१

बाबा,
सप्रेम जय भीम.

वरचा जावक क्रमांक बघून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर पडू द्या. फोन तुम्ही उचलत नाही. आईच्या फोनवर केला तर आई म्हणते, "घ्या ना, पोरीचा हाय," आणि मागून चपला घासल्याचा आवाज येतो. म्हणजे साहेब अंगणात गेले. मग मी विचार केला, या माणसाने अख्खी नोकरी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारला, तारीख टाकली आणि ज्याचा त्याला पोचवला. टेबलावर कागद पडून राहिला की तुम्हाला जेवण जात नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. फोन तुम्ही टाळू शकता. कागदाचं काय करणार?

म्हणून कागद पाठवते आहे.

जानेवारीत जे झालं ते मी क्रमाने लिहिते, कारण तुम्ही बाहेर सांगितलेली हकीकत वेगळीच आहे, असं माझ्या कानावर आलंय. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी अकोल्याहून अमरावतीला आले, लॅपटॉप घेऊन. आईला ड्रॉप घालायचे, भाकरी टाकायची आणि मधल्या वेळात समोरच्या खोलीत बसून कंपनीचं काम करायचं, असं चाललं होतं. रजा घ्यावी लागली नाही, याचाच मला आनंद होता. बुधवारी शेजारचे चंद्रभान काका सरळ आत आले. मी कानाला हेडफोन लावून एका दवाखान्याशी बोलत होते. अंगात गाऊन होता, ते मान्य. काका म्हणाले, "काय वो नागसेनभाऊ, पोरगी तं पुन्याले साहेबीन हाय मने? आन इथं बसून कोनाचे फोन उचलून रायली? सुटली काय नोकरी?"

तेव्हा मला कळलं की गेली काही वर्षं तुम्ही सगळ्या वस्तीला मी पुण्यातच आहे असं सांगताय. काचेची केबिन, दारात शिपाई. बाबा, काचेची केबिन मला पुण्यात असतानाही नव्हती. शिपाई तर कंपनीच्या मालकालाही नाही.

संध्याकाळी तुम्ही काय बोललात ते जसंच्या तसं लिहिते. "माह्या घरात बसून काम करनारी शेवटची बाई माही माय होती. तू एक तं पुन्याले जाय, ऑफिसात बस. नाई तं इथं येऊ नको." आई डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर होती. पट्टीखालून तिच्या गालावर पाणी आलं, आणि डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं.

मी रागातच निघाले, आणि अजून रागात आहे. पण मुद्द्याचं सांगते. मी नोकरी सोडलेली नाही. लॉकडाऊनमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून अकोल्याला आले, ती इथलीच झाले. कंपनीनेही पुण्यातल्या दोन मजल्यांपैकी एक सोडून दिला. आमच्यातले अर्धे लोक आता आपापल्या गावी आहेत, कोणी सांगोल्याला, कोणी वरोऱ्याला. हे असंच राहणार आहे. आणि मी अकोल्यात राहायचं ठरवलंय, ते पक्कं आहे.

पत्राची पोच द्यावी.

तुमची,
पायल

&nbsp;

अकोला, १६ फेब्रुवारी २०२५
जा. क्र. पायल/अकोला/२

बाबा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एवढंच: "संदर्भ: आपले दि. ३ फेब्रुवारीचे पत्र. पत्र मिळाले. मजकुराची नोंद घेतली. नागसेन." तुमच्या जावयाने, अश्विनने ते वाचलं आणि हसता हसता त्याला ठसका लागला. मला आधी राग आला, मग मीही हसले, मग कार्ड फ्रिजवर चिकटवलं. तुमची नात मैत्री रोज शाळेत जाताना ते मोठ्याने वाचते. "मजकुराची नोंद घेतली!" असं ती आता भाजी आवडली नाही की म्हणते.

नोंद घेतलीच आहे तर थोडा आणखी मजकूर देते. मी काय काम करते, हे तुम्ही मला कधी विचारलं नाही. पुण्यात आहे एवढ्यावर तुमचं समाधान होतं. तर ऐका. कोणी दवाखान्यात भरती झालं आणि त्याचा विमा असला, की दवाखान्याचे कागद आमच्याकडे येतात. ते मी तपासते. बरोबर असतील तर मंजुरी देते, म्हणजे घरच्यांना पैशांसाठी धावावं लागत नाही. कमी असतील तर दवाखान्याला फोन करून मागवून घेते. परवा कोल्हापूरच्या एका माणसाची मंजुरी अडली होती. त्याच्या नावात एका कागदावर आडनाव आधी होतं आणि दुसऱ्यावर नंतर. नवीन पोराने फाइल परत पाठवली असती. मी धरून ठेवली, दवाखान्यातल्या बाईशी बोलले आणि सोडली. हे मी कोणाकडून शिकले? तुम्ही जेवताना सांगायचात ना, "कागद परत पाठोनं सोपं असते. पन त्याच्यामागं मानूस उभा असते." ते मी पुण्यातही विसरले नाही आणि अकोल्यातही नाही. कोल्हापूरच्या त्या माणसाला मी कुठल्या खुर्चीवर बसले होते, याच्याशी काही घेणं नव्हतं.

इथलं सगळं छान आहे. टेबल ऐसपैस आहे, उजेड भरपूर, इंटरनेट चांगलं. शेजारीपाजारीही चांगले. समोरच्या पार्वताबाई तेल्हाऱ्याच्या, मुलाच्या नोकरीमुळे इथे आल्या. मनाने लाख. शेतातल्या मेथीची जुडी घेऊन येतात आणि माझ्या टेबलावर लॅपटॉपच्या बाजूला बसून निवडतात. "तू तं घरीच हायेस ना बाई," म्हणून गॅसवाला, कुरिअरवाला, सगळ्या गल्लीची पार्सलं माझ्याकडेच. गेल्या आठवड्यात कोणाची तरी शिलाई मशीन दोन दिवस माझ्या हॉलमध्ये होती. साहेबांशी व्हिडिओवर बोलताना मागून पार्वताबाई गेल्या, तर साहेब म्हणाले, "पायल, तुमच्या आई का?" मी हो म्हटलं. समजावून सांगायला वेळ कुठे होता?

आई काल गच्चीवरून फोन करत होती, तुमच्या नकळत. म्हणाली, "तुया बापानं पत्र तीन खेप वाचलं. मग चष्मा पुसला, आन अजून एक खेप वाचलं." तिने हे मला सांगितलं, म्हणून तिच्यावर रागवू नका.

ती असंही म्हणाली, की वस्तीत तुम्ही सांगितलं, पायल रजेवर आलती, आता गेली पुन्याले. बाबा, ही मला न विचारता टाकलेली रजा आहे. नामंजूर करते आहे.

नोंद घ्यावी,
पायल

&nbsp;

अकोला, २ मार्च २०२५
जा. क्र. पायल/अकोला/३

बाबा,

तुमचं पत्र काल आलं. या वेळी पाकिटात, आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. दूध उतू गेलं, तरी वाचत होते.

वरचा भाग तुमच्या नेहमीच्या भाषेत:

"खालील मुद्द्यांचा खुलासा करावा.
१) बसण्याची जागा स्वतंत्र आहे काय?
२) सदर जागेस दार आहे काय?
३) असल्यास, आत येणारा ते वाजवतो काय?
४) कामाची वेळ संपल्यावर बोलावणे येते काय?
तसेच, पुण्याचा पर्याय अद्याप खुला असल्याचे घरातून कळते. खुलासा समाधानकारक नसल्यास त्याचा विचार करावा."

इथपर्यंत वाचून मी म्हटलं, झालं, आता मला मेमो मिळाला. पण पान उलटलं तर तुमची कचेरीची भाषा संपली होती. तुम्ही घरात बोलता तसं लिहिलं होतं. ते मी इथे पुन्हा उतरवते आहे, कारण तुम्ही लिहिलेलं मी नीट वाचलं, हे तुम्हाला कळावं.

"माय सकायपासून बिड्या वळे. पानं भिजोये, कापे, तंबाखू भरे, धागा बांधे. ठेकेदाराचा मुनीम येये. तो दारात थांबे नाई. चपला घालून सिधा आत, चुलीपावतर. ए भागीरथा, दाखव, मने. मूठभर बिड्या उचले, खराब हायेत मने, आन मोडून टाके. माय जेवत असो, लुगडं बदलत असो, तापानं पडली असो. आमच्या घराले दार होतं पायल. पन ते कोनी वाजवलं नाई. मी नोकरीले लागलो, तं पयल्या दिवशी साहेबाच्या दारावर लोक टकटक करून उभे राहेत, ते पाहत बसलो. मले पगारापेक्षा ते आवडलं. तू घरी बसून काम करते मनली, तवा मले मुनीमच दिसला. बाकी काई नाई."

बाबा, आजीच्या बिड्यांचं मला माहीत होतं. मुनीमाचं कोणी कधी सांगितलं नाही. मला वाटत होतं, तुम्हाला मिरवायला ऑफिस पाहिजे. चंद्रभान काकांसमोर मान ताठ राहायला पाहिजे. मी अश्विनजवळ तुम्हाला काय काय बोलले, ते आता इथे लिहीत नाही.

पत्र वाचल्यावर मी माझ्याच घरात दारापासून चालत आले, बाहेरून येणारा माणूस येतो तशी. पार्वताबाई, कुरिअरवाला, मीटरवाला, सगळे कसे आत येतात, ते बघायला. तर खुलासा करते, आणि खरा करते.

एक. जागा स्वतंत्र नाही. जेवणाच्या टेबलाचं एक टोक आहे. ऐसपैस लिहिलं होतं, ते टेबलाबद्दल होतं. माझ्या वाट्याचं टोक ऐसपैस नाही.

दोन. दार नाही. आतल्या खोलीला पडदा आहे, आणि तिथे गाद्या रचलेल्या आहेत.

तीन. वाजवण्याचा प्रश्नच येत नाही.

चार. येतं. जेवताना येतं, रविवारी येतं. "पायल, दोनच मिनिटं," साहेब म्हणतात. मी उठते. ताट तसंच राहतं. मी याला कामाची सवय म्हणत होते. तुमचं पत्र वाचल्यावर मला त्या माणसाचा चेहरा मुनीमासारखा दिसायला लागला. बिचारा तसा वाईट नाही, बारामतीला स्वतःच्या बेडरूममध्ये बसून त्याच्या साहेबाचे फोन घेतो.

आणि पुण्याचं. आईने सांगितलंच आहे, तर लपवून काय उपयोग? मी पहिल्या पत्रात पक्कं ठरलंय लिहिलं, ते माझ्या मनातलं. कागदावर ठरलेलं नाही. कंपनीने दोन पर्याय दिलेत. पुण्याला परत आले तर माझ्या गटाची प्रमुख करतील, ऑफिसात बसायचं, रोज. किंवा अकोल्यातूनच, आहे त्याच जागेवर, कायमचं. मार्चअखेर कळवायचं आहे. मार्चअखेर म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू!

अश्विन म्हणतो, तुला जे बरं वाटेल ते कर. तो शिक्षक, त्याची बदली फार तर पातूरला होईल, पुण्याला नाही. मैत्री दोन वर्षांची होईपर्यंत पातूरला सासूबाईंकडे होती आणि मी पुण्यात. शनिवारी यायचे, रविवारी परत. ती मला "फोनवाली आई" म्हणायची. एकदा मी समोर बसले असताना तिने सासूबाईंचा मोबाइल आणून दिला, आई दाखव म्हणून. तुम्हाला तेव्हा मी हे सांगितलं नाही, कारण तुम्ही पुण्यातल्या लेकीवर खूश होतात.

मला परत तिकडे जायचं नाही, बाबा. मला इथे राहून हे काम करायचं आहे आणि चांगलं करायचं आहे. परवानगी मागत नाही. पण तुम्ही अमरावतीत वस्तीला पायल पुण्यात आहे म्हणून सांगत राहणार असाल, तर मी दोन तासांवर असून मला माहेरी यायला रविवार बघावा लागेल, साडी नेसून, पुण्याहून आल्यासारखं. तसं मला जमणार नाही. मग पुण्यालाच गेलेलं काय वाईट, असंही एखाद्या सकाळी मनात येतं.

तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर मी थांबले आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पायल

&nbsp;

अकोला, १५ मार्च २०२५
जा. क्र. पायल/अकोला/४

बाबा,
जय भीम.

उत्तर नाही. कार्ड नाही. आई फोनवर "मले काई माहीत नाई बाप्पा" म्हणते, आणि तिला काही माहीत असलं की ती हेच म्हणते.

म्हणून हे पत्र म्हणजे स्मरणपत्र समजावं. स्मरणपत्राला तुम्ही लाल शाईने खूण करायचात, तेही मला आठवतं.

दरम्यान इकडे झालेली कार्यवाही कळवते. गाद्या पलंगाखाली गेल्या. काही गेल्या नाहीत, त्या अश्विनने पातूरला नेल्या. आतली खोली मोकळी केली, तर मैत्रीचे हरवलेले तीन कंपासबॉक्स आणि माझ्या लग्नातलं एक जोडवं सापडलं. टेबल आत गेलं. राहिलं दार. नवीन दार करायला सुतार महिना मागत होता, म्हणून अश्विन जुन्या लाकडाच्या बाजारात गेला आणि एक सागवानी दार घेऊन आला. कोणाच्या तरी घराचं, हिरव्या रंगाचं, वर पितळी कडी. चौकटीपेक्षा बोटभर मोठं निघालं. सुतार महादेवराव आले. त्यांनी एक दिवस तासलं, मग धुळवडीसाठी गावी गेले ते अजून आले नाहीत. त्यामुळे दार बसलंय, पण लागत नाही. ढकललं की "कर्रर्र" करत उघडतं आणि मागे भिंतीला आपटतं. पहिल्याच दिवशी पार्वताबाईंनी ढकललं. माझी मीटिंग चालू होती, त्या दचकल्या, मी दचकले, पुण्यातले आठ जण दचकले.

मी पार्वताबाईंना म्हटलं, "मावशी, वाजवून येत जा ना." त्यांना ते लागलं. "आता तुह्या घरी यायले मले इचारा लागते काय?" म्हणाल्या, आणि मेथी घेऊन परत गेल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मीच जाऊन त्यांच्याकडे चहा पिऊन आले. आमच्याकडे दार वाजवणं म्हणजे परकं करणं, बाबा. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि पार्वताबाईंचंही चूक नाही, आणि मध्ये मी एक न लागणारं दार घेऊन बसले आहे.

चौथ्या मुद्द्यावर मात्र मी काम केलं. साहेबांना लिहून कळवलं, की सहानंतर आणि रविवारी फोन घेणार नाही, रुग्णाचा जीव अडला असेल तेवढाच अपवाद. भीत भीतच पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "बरं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, हे तुम्ही कसं लिहिलंत, मलाही माझ्या साहेबांना पाठवायचंय.

कंपनीच्या कागदावर अजून सही केलेली नाही. तुमच्या उत्तराची वाट बघते आहे. आता तर रागही उरला नाही, त्यामुळे वाट बघणं जास्त जड जातंय.

पायल

&nbsp;

अकोला, २४ मार्च २०२५
जा. क्र. पायल/अकोला/५
हस्तबटवड्याने

बाबा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. पत्र मिळणारा माणूस दाराच्या पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आहे. तिथे तुम्ही आहात, आणि मी इकडे काम संपवून हे लिहिते आहे, कारण समोर आले तर मला बोलता येणार नाही. मी रडायला लागेन आणि तुम्ही अंगणात जाल.

आज सकाळी काय झालं, ते माझ्या बाजूने लिहिते. तुमच्या बाजूने तुम्हाला माहीतच आहे.

सकाळी मी आत बसले आणि दार लोटून घेतलं. लगेच एक अडकलेली मंजुरी आली. बाहेर अश्विन कोणाशी तरी हळू बोलतोय असं वाटलं. कुरिअरवाला असेल म्हटलं. मग अश्विन शाळेत गेल्याचा आवाज आला, स्कूटरचा. घरात कोणी नाही असं मी समजत होते. तेवढ्यात पार्वताबाईंच्या बांगड्या वाजल्या, आणि लगेच तुमचा आवाज.

"कोन पायजे?"

माझा हात की-बोर्डवरच राहिला.

"कोन मंजे? पायल पायजे. कढीपत्ता न्याले आली मी."

"मॅडम कामात हायेत. बसा. पानी देऊ काय?"

"कोन मॅडम? मले पायलजोळ काम हाय."

"तेच मॅडम."

पार्वताबाई म्हणाल्या, "तुमी कोन वो?"

"मी बाप होय तिचा. अमरावतीहून आलो, तपासणीले. कढीपत्ता कुठसा हाय ते दाखवा, मी देतो तोडून."

आणि बाबा, पार्वताबाई रागावल्या नाहीत. दोन खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. तुम्ही त्यांना तेल्हाऱ्याचं विचारलं, त्यांनी तुम्हाला अमरावतीचं विचारलं. तुम्ही म्हणालात, की दार वाजवलं मंजे मानूस परका होत नाई बाई, आतल्याले तेवढा पदर सावराले येळ भेटते. त्या म्हणाल्या, "हे तं बरोबर हाय." माझं त्यांनी हे कधी बरोबर आहे म्हणून ऐकलं नसतं. मी त्यांना नुसतं वाजवून येत जा म्हटलं होतं. तुम्ही त्यांना कारण सांगितलंत.

मी कोल्हापूर, नांदेड, सगळीकडची कामं त्या दाराआड बसून केली. एकदाही उठावं लागलं नाही. गॅसवाला आला, तुम्ही घेतला. कुरिअरवाल्याला तुम्ही सही कुठे करायची ते विचारलं, आणि त्याने मोबाइलवर बोटाने करा म्हटल्यावर तुम्हाला किती वाईट वाटलं, ते मला आतूनही कळलं.

मग तुमचा फोन वाजला. तुम्ही फोनवर नेहमी ओरडता, अमरावतीला आवाज आपणच पोचवायचा असतो असं तुम्हाला वाटतं. चंद्रभान काका होते. तुम्ही कुठे गेलात म्हणून विचारत असतील.

"अकोल्याले आलो. पोरीकडे. नाई, नाई, पुन्याले नाई. पुन्याले नसतेच ती आता. मी खोटं सांगतलं तुमाले. अकोल्यालेच राहते, घरूनच काम करते. हो, घरूनच! नोकरी सुटली नाई, चंद्रभानभाऊ, नोकरीच तिच्याकडे राहाले आली. मी तिच्या ऑफिसातच बसलो आता. आत? आत नाई. बाहेर. आत साहेबीन हाय."

तुम्ही हे बोलत असताना मी कंपनीचा कागद उघडला आणि अकोल्याच्या पर्यायावर सही केली. बोटानेच केली, माफ करा.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण त्याची नोंद झाली पाहिजे. दार वाजलं. दोनदा, हळू. मला समजलंच नाही. या घरात कोणी दार वाजवत नाही, त्यामुळे मला वाटलं, सुतार आला. मी गप्प बसले. परत वाजलं.

"कोण?" मी विचारलं.

"मी. नागसेन. आत येऊ काय?"

बाबा, तुम्ही माझ्या कुठल्याही खोलीत आजवर विचारून आला नाहीत. अभ्यास करत असले तरी, रुसून बसले असले तरी. तुम्ही नुसते यायचात, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. आज तुम्ही विचारलंत, आणि दार लागत नाही, ढकललं असतं तर उघडलं असतं, हे तुम्हाला समोर दिसत होतं. तरी तुम्ही बाहेर उभे राहिलात. माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही. तुम्ही थोडं थांबलात, "बरं, काम चालू हाय वाटते," म्हणालात आणि परत खुर्चीवर जाऊन बसलात. मी आजीला कधी पाहिलं नाही. पण तिच्या दारावर पहिली टकटक आज झाली असं मला वाटलं, आणि ती तुम्ही केलीत.

आता काम संपलंय. मैत्री शाळेतून आली, तिचा आवाज येतोय. तुम्ही आणलेल्या डब्याचं झाकण उघडून "गिला वडा!" म्हणून ती ओरडली, तर तुम्ही म्हणालात, "आईले इचारू मंग." चहाचाही वास येतोय. म्हणजे तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा शोधून काढलात. कमाल आहे, मला तो सापडत नव्हता.

चारही मुद्द्यांचा खुलासा प्रत्यक्ष पाहण्यात आला आहे, असं मी गृहीत धरते. दार अजून नीट लागत नाही, त्याबद्दल आपली सूचना असल्यास कळवावी. अमरावतीला मी पुढच्या मंगळवारी येणार आहे. मुद्दाम मंगळवारी, लॅपटॉप घेऊन. समोरच्याच खोलीत बसेन. आईच्या डोळ्याची तपासणी आहे.

हे पत्र दाराखालून सरकवते आहे. पोच द्यावी.

तुमची,
पायल

&nbsp;

*(पत्राच्या मागील बाजूस, निळ्या शाईत)*

आवक दि. २४ मार्च २०२५. पत्र मिळाले. वाचले.
मुद्दे १ ते ४: खुलासा समाधानकारक.
दारास सूचना: वरच्या बिजागरीत एक खिळा जास्त आहे. उद्या मी काढतो. आठ दिवस मुक्काम आहे.
उत्तर समक्ष देण्यात येईल.
चाय थंडी होऊन राहिली, बेटा. दार उघड.

नागसेन